नवं रॉकेट माणसांसाठी तयार झालं, हे ठरवायचं कशावरून?

तिसराटप्पा

गगनयानाच्या धाग्यावर चर्चा फिरून फिरून एकाच जागी येतेय. "माणूस बसवायच्या आधी रिकामी उड्डाणं किती हवीत?" कोणी म्हणतं दोन, कोणी तीन, एकाने तर वीस मागितली. तिथे अवांतर नको म्हणून हा वेगळा धागा.

माझं मत आधीच सांगून टाकतो, म्हणजे हाणामारीला सोयीचं पडेल. उड्डाणांच्या आकड्याला आपण फारच भाव देतो. उड्डाणात जे काही विचित्र दिसलं, त्याचा शेवटपर्यंत छडा लावला का, हे मला त्याहून कितीतरी महत्त्वाचं वाटतं.

इतिहासातले आकडे बघा, कशाचा कशाला मेळ नाही. स्पेस शटल: शून्य. १२ एप्रिल १९८१ ला पहिल्याच उड्डाणात जॉन यंग आणि रॉबर्ट क्रिपेन आत बसलेले होते. सॅटर्न ५, म्हणजे अपोलोची माणसं चंद्राकडे नेणारं रॉकेट: दोन. चीनचं शेन्झोऊ: चार. स्पेसएक्सचं फाल्कन ९ तर डझनावारी उपग्रह सोडून मुरलेलं रॉकेट, तरी नासाने अट घातली की आराखडा गोठवा, त्यात काही बदलू नका, आणि तसंच्या तसं रॉकेट सात वेळा उडवून दाखवा.

सॅटर्न ५ ची गोष्ट जरा सविस्तर सांगतो, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यात आहे.

पहिलं उड्डाण, अपोलो ४, ९ नोव्हेंबर १९६७. एकेक टप्पा वेगवेगळा उडवून बघण्याऐवजी तिन्ही टप्पे पहिल्याच खेपेला एकदम उडवायचे, हा नासाच्या जॉर्ज म्युलरचा निर्णय. रॉकेट घडवणाऱ्या वेर्नर फॉन ब्राउनच्या माणसांना तो सुरुवातीला भलताच धाडसी वाटला होता. उड्डाण मात्र सुरेख झालं. दुसरं, अपोलो ६, ४ एप्रिल १९६८. त्यात सगळंच बिनसलं. पहिला टप्पा जळत असताना आख्खं रॉकेट उभ्या दिशेत थरथरायला लागलं (यालाच पोगो म्हणतात). दुसऱ्या टप्प्यात एक इंजिन आजारी पडून बंद झालं आणि त्याच्याबरोबर शेजारचं धडधाकट इंजिनही बंद झालं, कारण बंद करण्याचा आदेश नेणाऱ्या तारा आपसात बदलल्या गेल्या होत्या. तिसऱ्या टप्प्याचं इंजिन अवकाशात पुन्हा पेटवायचं होतं, ते पेटलंच नाही.

आणि पुढच्याच सॅटर्न ५ वर, २१ डिसेंबर १९६८ ला, तीन माणसं बसून थेट चंद्राकडे गेली. नुसते आकडे बघितले तर शुद्ध वेडेपणा वाटेल.

मधल्या साडेआठ महिन्यांत काय झालं ते बघा. इंजिनाच्या ठिणगी-प्रज्वलकाला द्रव हायड्रोजन नेणारी एक बारीक नळी असते. तिला लवचिकपणा यावा म्हणून मध्ये घडीचा, भात्यासारखा भाग होता. हीच नळी फुटली असावी असा संशय होता, पण जमिनीवरच्या चाचण्यांत ती कधीच फुटली नव्हती. मग ती निर्वात कक्षात तपासली, आणि तिथे पटापट फुटायला लागली. कारण मोठं मजेदार आहे. जमिनीवर त्या अतिथंड घड्यांभोवती हवा गोठून-द्रवून तिचा थर जमायचा आणि तो थर घड्यांची थरथर शोषून घ्यायचा. अवकाशाच्या वाटेवर हवाच नाही, म्हणून थर नाही, म्हणून घड्या थरथरून तुटल्या. घडीचा भाग काढून टाकला, नळीला नुसते बाक दिले, काम झालं. पोगोसाठी पहिल्या टप्प्याच्या द्रव ऑक्सिजनच्या वाटेवरच्या झडपांतल्या पोकळीत हेलियम भरला, म्हणजे दाबाच्या चढउतारांना तिथे उशी मिळाली. तारांचं तर काय, तपासून जिथल्या तिथे लावल्या.

तिन्ही बिघाडांचं कारण सापडलं होतं, ते जमिनीवर पुन्हा घडवून दाखवता येत होतं आणि उपाय केल्यावर घडत नव्हतं. म्हणून तिसऱ्या उड्डाणात माणसं. दोनाच्या जागी दहा उड्डाणं सुरळीत झाली असती आणि ती नळी दरवेळी तुटता तुटता वाचली असती, तर रॉकेट जास्त सुरक्षित ठरलं असतं का?

---

संख्यावेताळ

धागा झकास. आकडेवारीची बाजू मी लावून धरतो, कारण ती तुमच्याच बाजूने आहे.

एकही अपयश न येता 'न' उड्डाणं झाली, तर ९५ टक्के खात्रीने एवढंच म्हणता येतं की अपयशाची शक्यता ३/न पेक्षा कमी आहे. नासाने अमेरिकी खासगी कुप्यांसाठी (रॉकेटच्या टोकावरची, माणसं बसतात ती कॅप्सूल) मर्यादा ठेवली होती ती २७० मोहिमांत एक प्राणघात, तीही जाणं, २१० दिवस स्थानकावर राहणं आणि परत येणं हे सगळं धरून. ही गोष्ट निव्वळ उडवून सिद्ध करायची तर लागोपाठ साधारण ८१० निर्दोष मोहिमा लागतील. शटलची उभ्या आयुष्यात १३५ उड्डाणं झाली, त्यांतली दोन गेली.

उलट बाजूने बघा. जे रॉकेट दर दोन उड्डाणांत एकदा फुटतं, असं भिकार रॉकेटसुद्धा पहिल्या दोन चाचण्या चारात एक वेळा बिनबोभाट पार पाडेल. चार चाचण्या सोळात एक वेळा. म्हणजे 'दोन की तीन की चार' या वादाला आकडेशास्त्रात काडीचा आधार नाही.

मग २७० हा आकडा येतो कुठून? एकेका भागाच्या बिघाडाची शक्यता धरून गणिती प्रतिमान मांडतात आणि तिथून वर चढत जातात. ते प्रतिमान किती खरं, हा वेगळा प्रश्न. फुटलेल्या चॅलेंजर शटलच्या चौकशीत भौतिकशास्त्रज्ञ रिचर्ड फाइनमन यांना दिसलं होतं की व्यवस्थापक अपयशाची शक्यता लाखात एक सांगत होते आणि काम करणारे अभियंते शंभरात एक. माणसं त्याच यानाबद्दल बोलत होती!

---

फोडूनबघ

दोघांशी अर्धा सहमत. जमिनीवर सगळं दिसत नाही हे तुम्हीच सिद्ध केलंत. मग त्यातून निघणारा सरळ निष्कर्ष तुम्ही का काढत नाही? लवकर उडवा, भरपूर उडवा, फुटू द्या, शिका, पुन्हा उडवा. स्पेसएक्सचं स्टारशिप बघा. २० एप्रिल २०२३ ला पहिल्यांदा उडालं तेव्हा खाली ३३ इंजिनांच्या झोताने प्रक्षेपण मंचाखालचं काँक्रीट उखडून चौफेर भिरकावलं, काही इंजिनं बंद पडली, शेवटी रॉकेट हवेत गोल गोल फिरून संपलं. जग हसलं. १३ ऑक्टोबर २०२४ ला त्याच रॉकेटचा पहिला टप्पा परत येऊन मनोऱ्याच्या दोन हातांत अलगद विसावला. दीड वर्ष! नासाच्या एसएलएस या चंद्रमोहिमांच्या रॉकेटसारखं कागदावर वर्षानुवर्षं घोटत बसण्यापेक्षा हे केव्हाही बरं.

आणि वेताळराव, ८१० निर्दोष उड्डाणं म्हणजे अशक्य कोटीतली गोष्ट असं तुम्ही सुचवताय. फाल्कन ९ ची शेकडो उड्डाणं झालीत. स्वस्त आणि पुन्हा वापरता येणारं रॉकेट असेल तर तुमचं गणित आवाक्यात येतं.

---

नटबोल्ट

@फोडूनबघ, कंपन-चाचण्या हेच माझं रोजचं काम आहे (रॉकेटच्या नाही, वाहनांच्या भागांच्या), म्हणून लिहिल्यावाचून राहवत नाही.

'फुटू द्या आणि शिका' यातला 'शिका' हा भाग आपोआप होत नाही. रशियाच्या एन-१ या चांद्र-रॉकेटचं उदाहरण घ्या. पहिल्या टप्प्यात ३० इंजिनं. आख्खा टप्पा जमिनीवर बांधून पेटवून बघायला चाचणी मंचच उभारला नाही, पैसा आणि वेळ वाचवायला. इंजिनांतल्या काही झडपा एकदाच वापरायच्या, स्फोटक घालून उघडणाऱ्या. त्यामुळे उडणारं इंजिन आधी पेटवून बघता येत नव्हतं. सहाच्या गठ्ठ्यातून दोन पेटवून बघायची आणि उरलेली चार तशीच रॉकेटला लावायची. १९६९ ते १९७२ मध्ये चार उड्डाणं, चारही अपयशी. ३ जुलै १९६९ च्या उड्डाणात तर एका इंजिनात स्फोट झाल्यावर देखरेख यंत्रणेने तीसपैकी एकोणतीस इंजिनं बंद केली आणि इंधनाने भरलेलं धूड परत मंचावर कोसळलं. तेही उडवून शिकणंच होतं की. दर उड्डाणात नवा बिघाड पुढे येत गेला आणि आधीच्याचं शिक्षण पुरं होईस्तोवर चंद्राची शर्यत संपून गेली.

याच्या उलट सॅटर्न ५ चं एफ-१ इंजिन. त्याच्या ज्वलनकक्षात मध्येच दाबाच्या लाटा उसळायच्या आणि इंजिन स्वतःला फाडून टाकायचं. कधी होईल याचा नेम नाही, त्यामुळे दहा चाचण्या ठीक गेल्या तरी अकराव्याची हमी नव्हती. हा वेताळरावांचाच प्रश्न झाला, फक्त इंजिनापुरता. त्यांनी काय केलं? धडधड जळणाऱ्या कक्षात छोटा बॉम्ब फोडायला सुरुवात केली! लाट आपण होऊन येण्याची वाट बघायचीच नाही, मुद्दाम उठवायची आणि ती किती वेळात विरते ते मोजायचं. इंधन फवारणाऱ्या इंजेक्टरच्या तबकडीवर आडव्या-उभ्या भिंती घालून, भोकांची मांडणी बदलत बदलत अशी अवस्था आणली की बॉम्बने उठवलेली लाटही सेकंदाच्या दहाव्या हिश्शात मरून जायची. नशिबावर सोडलेल्या शंभर चाचण्यांनी जे कळलं नसतं ते अशा थोड्या चाचण्यांनी कळलं. चाचणीची रचना कशी करावी हे शिकवायला मला यापेक्षा चांगलं उदाहरण माहीत नाही.

आता तुमच्या स्टारशिपचं. जानेवारी २०२५ च्या सातव्या उड्डाणात वरचा टप्पा गेला. कंपनीने स्वतः दिलेलं कारण: उड्डाणातली कंपनं जमिनीवरच्या चाचणीत दिसली होती त्याच्या कितीतरी पट जोरदार निघाली, त्यातून इंधनगळती, त्यातून आग. घडीच्या नळीची गोष्ट आणि ही गोष्ट यांत ५७ वर्षांचं अंतर आहे. बांधून ठेवलेलं यंत्र आणि मोकळं उडणारं यंत्र एकसारखं थरथरत नाही, एवढंच दोन्हींत शिकायला मिळतं. पुढच्या उड्डाणाआधी त्यांनी टप्पा मंचावर बांधून मिनिटभर पेटवून बघितला. मार्चमधलं आठवं उड्डाण तरीही गेलं, यावेळी कारण वेगळं, एका मधल्या इंजिनातला बिघाड.

त्यामुळे उडवा, जरूर उडवा. पण त्याआधी जमिनीवर जेवढं छळता येईल तेवढं छळा.

---

फोडूनबघ

बॉम्बची गोष्ट आवडली. माझ्या बाजूचीच आहे ती, फक्त तुम्ही जमिनीवर फोडताय. :)

---

कुंपणावरची

वाचतेय. एक बाळबोध प्रश्न. उपग्रह म्हणजे कोट्यवधींचं नाजूक यंत्र. तो जे रॉकेट सुखरूप नेतं, ते माणसाला का नेऊ शकत नाही? 'माणसांसाठी प्रमाणित' म्हणजे नक्की काय बदलतात?

---

तिसराटप्पा

@कुंपणावरची, बाळबोध कसला, हाच खरा प्रश्न आहे. यादी देत बसत नाही, मला ठळक वाटतात त्या गोष्टी सांगतो.

काही कंपनं यंत्राला चालतात, शरीराला चालत नाहीत. १५ ऑक्टोबर २००३ ला शेन्झोऊ ५ मधून यांग लिवेई गेला. त्याआधीच्या चारही रिकाम्या मोहिमा पार पडलेल्या. ३०-४० किलोमीटर उंचीवर रॉकेट सेकंदाला सुमारे आठ वेळा या गतीने थरथरायला लागलं आणि जवळजवळ २६ सेकंद थरथरत राहिलं. ही गती पोटातल्या अवयवांना नेमकी बाधते. त्याने नंतर सांगितलं की आपण आता मरतो असं त्याला वाटलं. रॉकेटला ओरखडाही नाही! मग इंधनवाहिन्यांत बदल करून ते पुढे काबूत आणलं. चार उड्डाणांत जे ठळक झालं नव्हतं ते आत माणूस बसल्यावर झालं.

दुसरं, ताकदीची राखीव मात्रा. उपग्रह नेणाऱ्या रॉकेटचे सांगाडे अपेक्षित भाराच्या साधारण १.२५ पट भार सोसतील असे करतात, माणसांच्या बाबतीत १.४ पट. ऐकायला किरकोळ वाटतं, पण त्यापायी टाक्यांचं वजन वाढतं आणि सगळा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तिसरं म्हणजे बिघाड ओळखणं. उपग्रहाचं रॉकेट बिघडलं की गेलं, त्याला कुणाला सांगायचंय? माणसांच्या रॉकेटला स्वतःचं दुखणं वेळेत कळलं पाहिजे आणि कुपीला 'पळ' म्हणता आलं पाहिजे. शिवाय उडण्याचा मार्गही बदलतो. बोइंगची स्टारलायनर कुपी ज्या ॲटलस ५ रॉकेटवरून जाते, त्याच्या वरच्या टप्प्याला एकाऐवजी दोन इंजिनं दिली, म्हणजे कमी उंच, जास्त सपाट मार्गाने जाता येईल. का? तर वाटेत कुठेही सुटका करावी लागली तर कुपी उंचावरून सरळ खाली कोसळून माणसांवर भयंकर भार येऊ नये.

---

हायड्रोजनी

यात इंजिनांच्या पात्रतेची भर घालते. गगनयान नेणाऱ्या आपल्या एलव्हीएम३ रॉकेटचा वरचा टप्पा सीई-२० या अतिशीत इंजिनावर चालतो. माणसांसाठी त्याला पात्र ठरवताना चार वेगवेगळ्या इंजिनांवर ३९ वेळा प्रज्वलन करून बघितलं, एकूण ८,८१० सेकंद. किमान अट होती ६,३५० सेकंदांची. फेब्रुवारी २०२४ मध्ये हे काम संपलं. प्रत्यक्ष उड्डाणात ते जेमतेम काही मिनिटं जळतं. म्हणजे नटबोल्ट म्हणतात तसं जमिनीवर छळणं चालूच आहे, फक्त त्याच्या बातम्या होत नाहीत.

एसएलएसचा पहिला टप्पाही आठ मिनिटं पेटवून बघायचा होता. जानेवारी २०२१ मध्ये सुमारे ६७ सेकंदांत आपण होऊन बंद पडला, कारण चाचणीसाठी मर्यादा फार काटेकोर ठेवल्या होत्या. मार्चमध्ये पूर्ण जळला. आणि एवढं करूनही २०२२ च्या उन्हाळ्यात मंचावर हायड्रोजन गळायचा तो गळलाच. हा वायू कुठल्याही जोडातून वाट काढतो, आणि भरताना जोड थंड होऊन आकसतात ते वेगळंच.

---

उगाचशंका

सगळं ठीक. पण मूळ गोम राहिली. एलव्हीएम३ च्या बाजूला दोन एस२०० घन इंधनाचे बूस्टर आहेत. प्रत्येकात सुमारे २०० टन इंधन. एकदा पेटले की विझवता येत नाहीत. द्रव इंधनाचं इंजिन बंद करता येतं, हे करता येत नाही. मग खाली काही बिनसलं तर कुपी पळणार कुठे? बूस्टर मागे लागलेलेच असणार.

---

नटबोल्ट

शंका उगाच नाही. अमेरिकेच्या रद्द झालेल्या एरीज १ वर नेमका हाच आक्षेप आला होता. २००९ मध्ये तिथल्या हवाई दलाच्या अभ्यासात असं निघालं की उड्डाणाच्या पहिल्या मिनिटात रॉकेट फोडावं लागलं तर जळत्या घन इंधनाचे तुकडे कुपीभोवती पसरतील आणि त्यांच्या उष्णतेने नायलॉनची पॅराशूटं वितळतील. नासाच्या लोकांना तो निष्कर्ष मान्य नव्हता, पण प्रश्न रास्त होता. यावर मार्ग एकच: सुटकेचा रेटा इतका जबर हवा की पेटत्या बूस्टरपासून झटकन लांब जाता येईल. म्हणूनच ही यंत्रणा रॉकेटपासून वेगळी काढून तपासतात.

---

तिसराटप्पा

हेच लिहायला आलो होतो. सुटका यंत्रणा तपासायला आख्खं महागडं रॉकेट जाळायची गरज नसते. गगनयानासाठी 'विकास' नावाचं एकच इंजिन लावलेलं छोटं चाचणी-रॉकेट केलं. २१ ऑक्टोबर २०२३ ला सकाळी उलटी गणती शेवटच्या पाच सेकंदांवर आली आणि संगणकाने ती थांबवली. दुरुस्त करून दहा वाजता उडवलं. साधारण १२ किलोमीटर उंचीवर, ध्वनीच्या पुढच्या वेगात, कुपी ओढून काढली, पॅराशूटं उघडली, समुद्रात उतरली. उतरल्यावर मात्र कुपी पाण्यात उलटी झालेली सापडली. माझ्या लेखी त्या दिवशीची सगळ्यात मोलाची माहिती हीच, आणि वर्तमानपत्रांत ती शेवटच्या परिच्छेदात होती. आत माणसं असती तर ती डोकं खाली, पाय वर करून लटकत नौदलाची वाट बघत बसली असती.

अपोलोच्या काळातला एक किस्सा तर अफलातून आहे. सुटका यंत्रणेच्या चाचण्यांसाठी लिटल जो २ नावाचं बुटकं रॉकेट होतं. १९ मे १९६५ च्या चाचणीत त्याचा एक पंख अडकला, रॉकेट गरगर फिरत हवेतच फाटलं. सुटका यंत्रणेने ते ओळखलं, कुपी ओढून नेली आणि पॅराशूटवर सुखरूप उतरवली. ठरवलेली चाचणी फसली आणि न ठरवलेली शंभर टक्के यशस्वी.

---

हायड्रोजनी

आणि प्रत्यक्ष माणसं आत असताना: २६ सप्टेंबर १९८३, रशियाचं सोयूझ. उड्डाणाला दीडेक मिनिट असताना मंचावर आग लागली. आगीने ताराच जाळल्या, त्यामुळे स्वयंचलित आदेश जाऊ शकला नाही. नियंत्रण कक्षातून रेडिओवर आदेश द्यावा लागला. व्लादिमीर तितोव आणि गेनादी स्त्रेकालोव यांची कुपी वर खेचली गेली आणि पाठोपाठ काही सेकंदांत खाली रॉकेटचा स्फोट झाला.

मग ११ ऑक्टोबर २०१८, पुन्हा सोयूझ. बाजूचा एक बूस्टर नीट सुटला नाही आणि मधल्या टप्प्यावर आपटला. कारण: जुळणी करताना एका संवेदकाची दांडी किंचित वाकली होती. आराखडा दशकानुदशकं उडालेला. वेताळराव, तुमच्या सूत्रात 'जुळणाऱ्याचा हात' हे चल कुठे बसतं?

---

संख्यावेताळ

बसत नाही, हेच तर दुखणं आहे. ते सूत्र धरून चालतं की प्रत्येक उड्डाण म्हणजे त्याच फाशाची नवी फेक. प्रत्यक्षात दर वेळी फासा नव्याने घडवला जातो.

---

फोडूनबघ

सावधपणाचीही किंमत असते, ती कोणी मांडतच नाहीये, म्हणून मी मांडतो. जानेवारी १९६१ मध्ये हॅम नावाचा चिंपांझी अमेरिकेच्या मर्क्युरी-रेडस्टोन रॉकेटवर गेला आणि रॉकेट ठरल्यापेक्षा जास्त वेगाने गेलं. पुढच्या उड्डाणात ॲलन शेपर्ड बसू शकला असता. फॉन ब्राउन अडून बसला, आणखी एक रिकामी चाचणी हवी. २४ मार्चला ती झाली, एकदम निर्दोष. १२ एप्रिलला गागारिन पृथ्वीला प्रदक्षिणा घालून आला. शेपर्ड गेला ५ मे ला. तीन आठवड्यांनी पहिलेपणा हुकला, आणि तोही अशा चाचणीपायी जिच्यात नवं काहीच सापडलं नाही.

---

तिसराटप्पा

फॉन ब्राउन माझ्या मते तिथे बरोबर होता. केलेले बदल प्रत्यक्ष उड्डाणात लागू पडले, हेच तर त्या चाचणीत सापडलं. हॅमच्या उड्डाणात दिसलेल्या गोष्टी नुसत्या कागदावर सुटल्या होत्या.

आणि गागारिनच्या बाजूलाही घाई होती असं समजू नका. डिसेंबर १९६० मध्ये त्यांची दोन कुत्र्यांची मोहीम परतताना नष्ट झाली होती. त्यानंतर मार्च १९६१ मध्ये पुतळा आणि कुत्रा घेऊन लागोपाठ दोन उड्डाणं नीट झाल्यावरच माणूस बसवला. दोन्ही बाजू जवळपास तोच हिशेब करत होत्या.

घाईची किंमत शटलमध्ये दिसते. बूस्टरच्या जोडातलं रबरी कडं गरम वायूने खाल्लेलं दुसऱ्याच उड्डाणानंतर, नोव्हेंबर १९८१ मध्ये, दिसलं होतं. नंतरही अधूनमधून दिसत राहिलं. दर वेळी यान सुखरूप परतलं, म्हणून 'एवढं चालतं' असं ठरत गेलं. २८ जानेवारी १९८६ ला चॅलेंजर फुटेपर्यंत. बाहेरच्या टाकीवरच्या फोमचे तुकडे तुटून यानाला लागण्याचंही तसंच, कोलंबिया शटल नष्ट होईपर्यंत. तोवरची सुखरूप उड्डाणं या सगळ्याला पुरावा म्हणून वापरली गेली, आणि आकड्यांवर माझा राग आहे तो यासाठी.

---

उगाचशंका

मग नासाच्या आर्टेमिस १ या चंद्रमोहिमेला कुठे बसवाल? नोव्हेंबर २०२२ ला एसएलएस उडालं, रिकामं ओरायन यान चंद्राला वळसा घालून आलं, सुखरूप उतरलं. उष्णतारोधक कवच बघितलं तर शंभराहून जास्त ठिकाणी त्याचे जळके तुकडे उडालेले. नासाने कारण सांगायला डिसेंबर २०२४ उजाडलं. आणि निर्णय काय, तर पुढच्या मोहिमेत माणसं त्याच प्रकारच्या कवचामागे बसतील, फक्त वातावरणात शिरण्याचा मार्ग बदलायचा. हे 'एवढं चालतं' नाही का?

---

नटबोल्ट

मला हे रबरी कड्याच्या गोष्टीपेक्षा वेगळं वाटतं. इथे कारण सापडलं आहे, आणि ते घडीच्या नळीचं सख्खं भावंड आहे. कवच तापलं की त्याच्या आत वायू तयार होतो आणि तो जळक्या थरातल्या छिद्रांतून बाहेर पडायला हवा. जमिनीवरच्या चाचण्यांत उष्णता उड्डाणापेक्षा जास्त तीव्र ठेवली होती. त्यामुळे थर भराभर जळून सच्छिद्र व्हायचा, वायू निघून जायचा, सगळं छान दिसायचं. प्रत्यक्षात यान वातावरणाला एकदा चाटून थोडं वर येतं आणि पुन्हा शिरतं. मधल्या काळात पृष्ठभाग पुरेसा जळत नव्हता, आत वायू मात्र बनत राहिला. दाब वाढला, तडे गेले, तुकडे उडाले. जास्त कडक चाचणीनेच दोष झाकला. चाचणी घेणाऱ्या माणसाला यापेक्षा अस्वस्थ करणारं काही असू शकत नाही.

नंतर उड्डाणासारखी सौम्य उष्णता देऊन त्यांनी तेच तडे जमिनीवर पाडून दाखवले. मग मार्ग बदलण्याचा उपाय समजण्यासारखा आहे.

---

उगाचशंका

कारण कळलं, मान्य. पण नळीच्या बाबतीत नळीच बदलली होती. इथे कवच तेच ठेवलं आणि ते जिथे दुखतं तिथून जायचं टाळलं. त्या नव्या मार्गावर तेच कवच आधी रिकामं पाठवून बघितलेलं नाही. उड्डाण सुखरूप झालं की निर्णय बरोबर, ही मोजपट्टी मला चालणार नाही. तिसराटप्पा यांनीच वर ती मोडीत काढली आहे.

---

तिसराटप्पा

पेचात पकडलंत. माझं उत्तर असं: नव्या मार्गावर उष्णता किती आणि किती वेळ लागेल हे मोजता येतं, आणि तेवढी उष्णता त्याच पदार्थाच्या ठोकळ्यांना जमिनीवर देऊन बघता येते. ते नीट केलं असेल तर मी जायला तयार. ठोकळा लहान असतो आणि कवच पाच मीटर रुंद, हा फरक मात्र उरतोच, त्यावर माझ्याकडे उत्तर नाही.

---

कुंपणावरची

मग मी उलटं विचारते. गगनयानाची रिकामी मोहीम परत आल्यावर बातम्यांत नेमकं काय शोधायचं? 'यशस्वी' हा शब्द तर सगळ्यांत असणारच.

---

हायड्रोजनी

मी तीन गोष्टी बघेन. उतरल्यानंतर कुपी उलटी झाली की सुलटी राहिली, आणि उलटली असेल तर हवेच्या फुग्यांनी तिला सरळ केलं का. पॅराशूटं ठरलेल्या क्रमाने आणि ठरलेल्या उंचीला उघडली का, कारण एकूण दहा आहेत आणि ती टप्प्याटप्प्याने उघडतात. तिसरं म्हणजे आतल्या व्योममित्र या यंत्रमानवाने नोंदवलेली कंपनं आणि भार जाहीर करतात का. ते आकडे जाहीर झाले तर इथे डकवा, नटबोल्टना कामाला लावू.

---

नटबोल्ट

डकवाच. सेकंदाला आठच्या आसपास काही दिसतंय का ते आधी बघतो.